बाळंतपणाची रजा संपते तेव्हा : पगार, पाळणाघर आणि पासबुक

आज इथे दोघी-तिघी बाळाला घेऊन आल्या आहेत. बाळ रडलं तर संकोच करू नका, मागे फेऱ्या मारायला भरपूर जागा आहे. बोलताना मध्ये थांबावं लागलं तरी माझी काही हरकत नाही.

आमच्या काउंटरवर एक प्रसंग वारंवार घडतो. एखादी खातेदार पाच-सहा महिन्यांनी येते, कडेवर बाळ असतं, आणि म्हणते, "मॅडम, आरडी मोडायची आहे. नोकरी सोडतेय." का, असं विचारलं तर उत्तर जवळजवळ ठरलेलं, "हिशेबच बसत नाही. सगळा पगार पाळणाघरात जाणार." नोकरी करायची की नाही हा तिच्या घरचा प्रश्न, त्यात बँकेने नाक खुपसायचं कारण नाही. पण हिशेबाचं नाव निघालं की मला राहवत नाही. तो कागदावर मांडला होता का, एवढं मी विचारते. बहुतेक वेळा तो मांडलेला नसतो.

आपण आज तो मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, हातात पगार येतो १६,५०० रुपये. पाळणाघराचे ५,०००, जाण्यायेण्याचे १,५००, बाळाचं वरचं दूध, डायपर, कधी डॉक्टर असे २,०००, आणि घरी वेळ नाही म्हणून बाहेरून येणाऱ्या पोळीभाजीचे १,०००. झाले ९,५००. उरले ७,०००. इथे घरातलं कुणीतरी म्हणतं, "सात हजारांसाठी एवढी ओढाताण कशाला?"

आता पगाराची पावती काढा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असतील, तर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये दरमहा तुमच्या पीएफमध्ये गेले आहेत. ते खर्च झालेले नाहीत, ते तुमचेच आहेत. मालकाचेही १,८००, त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे सात हजारांत आणखी २,३५० मिळवा. ग्रॅच्युइटीचा नियम असा की एका वर्षाच्या सेवेला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १५,००० वर तो वर्षाला सुमारे ८,६५४ होतो, महिन्याला ७२१. एकूण झाले दहा हजारांच्या थोडे वर, आणि पेन्शनचे १,२५० वेगळेच.

इथे तारखा बघायला हव्यात. साधारणपणे ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते. चार वर्षं भरलेली असताना राजीनामा दिला, तर पाच वर्षांचे सुमारे ४३,००० रुपये हातचे जातात. बाळंतपणाच्या पगारी रजेचे २६ आठवडेही त्या सेवेत मोजले जातात, हे अनेकींना माहीत नसतं. पेन्शनसाठी किमान दहा वर्षं लागतात. नववं वर्ष चालू असेल तर राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी एकदा कॅलेंडर उघडा.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुरुषांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी. पाळणाघराचा खर्च नेहमी आईच्याच पगारातून वजा का होतो? बाळ दोघांचं, मग खर्च दोघांच्या मिळकतीतून वजा करून बघा. हाच कागद एकदम वेगळा दिसायला लागतो. शिवाय पाळणाघराचा मोठा खर्च असतो दोन-तीन वर्षं. मूल बालवाडीत, मग शाळेत जाऊ लागलं की तो कमी होत जातो. सुटलेली नोकरी मात्र तीन वर्षांनी त्याच पगारावर मिळेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

हे सगळं मांडूनही काही घरांत उत्तर "घरीच थांबू" असं येतं. बाळ नाजूक असतं, जुळी असतात, गावात धड पाळणाघर नसतं. तसं असेल तर खुशाल थांबा. फक्त पीएफ लगेच काढून संपवू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनची रक्कम काढून घेतली की ती सेवावर्षंही पुसली जातात. पैसे तिथेच ठेवले, तर पुढे नोकरी मिळाल्यावर जुनी वर्षं नव्याला जोडता येतात. आणि आपलं स्वतःचं बचत खातं जिवंत ठेवा. दोन वर्षं तुम्ही खात्यात स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होतं आणि पुन्हा केवायसी करावं लागतं. महिन्याला दोनशे रुपये भरले तरी पुरे.

परत जायचं ठरलं असेल, तर सर्वांत अवघड असतो पहिला महिना. मनाने अवघड असतोच, त्याबद्दल मी काय सांगणार. पण पैशानेही अवघड असतो, कारण खर्च आधी सुरू होतो आणि पगार नंतर येतो. पाळणाघरवाल्या बाई अनामत आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. बाळाला सवय व्हावी म्हणून रुजू होण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून थोडा थोडा वेळ ठेवावं लागतं, त्याचेही पैसे लागतात. जुने कपडे बसत नाहीत. आणि महिन्याच्या वीस-बावीस तारखेला रुजू झालात, तर अनेक कचेऱ्यांत तोवर पगारपत्रक बंद झालेलं असतं, ते आठ दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात येतात. म्हणून रुजू होताना निदान दीड महिन्याचा बाळखर्च खात्यात हवा. आपल्या उदाहरणात तो साधारण चौदा-पंधरा हजार होतो. ज्या बहिणी आत्ता गरोदर आहेत त्यांनी आजच दोन हजारांची आवर्ती ठेव सुरू केली, तर बाळंतपण आणि रजा धरून ही रक्कम जमते. आवर्ती ठेव नको असेल तर वेगळं खातं उघडा. घरखर्चाच्या खात्यात ठेवलेले पैसे उरत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव आहे.

रजेबद्दलचे नियम थोडक्यात सांगते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, आणि त्याच तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. मागच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यापुढच्या मुलासाठी १२ आठवड्यांची. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते पूर्ण घेतलेत, तर नंतर १८ उरतात, म्हणजे बाळ चार महिन्यांचं झालं की तुम्ही कामावर. हा हिशेब पोटात बाळ असतानाच करून ठेवा. पगार महिना २१,००० पर्यंत असून ईएसआयचा विमा असेल, तर हे पैसे ईएसआय महामंडळाकडून येतात. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसात दोन वेळा सुट्टी मिळायला हवी. जिथे ५० किंवा त्याहून जास्त कामगार आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. रजेवर असताना कामावरून काढून टाकणं बेकायदा आहे. अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरं सरकारच्या पाळणा योजनेत चालतात, सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी. तुमच्या भागात आहे का, ते अंगणवाडी सेविकेला विचारा.

ज्या घरकाम करतात, शिवणकाम करतात, भाजी विकतात, त्यांना पगारी रजा कुठली? त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. "पैसे मंजूर झाले, पण खात्यात आलेच नाहीत" ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पैसे आधार क्रमांकावर येतात, आणि आधार सर्वांत शेवटी ज्या बँकेत जोडला तिथेच जमा होतात. कधीतरी गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत आधार जोडला होता, आणि ते खातं विसरून गेलात, तर पैसे तिथे निवांत पडलेले असतात. आधी ते तपासा.

आता माझी फजिती सांगते. एम.कॉम. करून बँकेत लागले, लोकांना दिवसभर सल्ले देते, आणि माझ्याच बाबतीत दिव्याखाली अंधार. पगारी रजा संपल्यावर मी तीन महिने बिनपगारी रजा वाढवून घेतली होती. मार्च ते मे. पगाराच्या खात्यातून दर महिन्याला दोन हजार रुपये माझ्या जुन्या बचत खात्यात जायचे, तशी कायमची सूचनाच दिलेली. पगारच नाही, तर सूचना कशी पाळली जाणार? त्या जुन्या खात्यातून आवर्ती ठेवीचे हप्ते चुकले, ते ठीक, थोडा दंड बसला. पण मेच्या शेवटी प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये त्याच खात्यातून कापले जायचे होते, आणि खात्यात होते ३१०. अपघात विम्याचे वीस रुपये गेले, कारण तेवढे होते. दोन लाखांचा जीवन विमा मात्र गेला. मला कळलं ऑगस्टमध्ये, सहज पासबुक छापलं तेव्हा. नऊ महिन्यांचं बाळ घरी, आणि जून, जुलै मी विम्याविना वावरत होते. पुन्हा नाव नोंदवलं, तरी पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर कारणाने मृत्यू आला तर दावा मिळत नाही. तो महिना मी स्कूटर आणि जिना दोन्ही जपून वापरले, जरी अपघाताचा विमा शाबूत होता आणि भीती खरी आजारपणाची होती. भीती काही कलमं वाचून येत नाही.

म्हणून रजेवर जाण्याआधी खात्यातून आपोआप जाणाऱ्या सगळ्या रकमा एका कागदावर लिहून काढा. आवर्ती ठेव, कर्जाचा हप्ता, विमा, पोस्टाची आरडी. पोस्टाच्या आरडीत चार हप्त्यांपर्यंत चूक चालते, त्यानंतर खातं बंद पडतं आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. बिनपगारी रजा घेणार असाल, तर पगाराच्या खात्याकडेही बघा. अनेक बँकांत सलग तीन महिने पगार आला नाही, की शून्य शिलकीची सवलत जाते आणि ते साधं बचत खातं होतं. मग किमान शिलकीचा नियम लागतो. नोकरीवर परत आल्यावर शाखेत सांगून ते पुन्हा पगार खातं करून घ्या, आपोआप होईलच असं नाही.

रजेच्या काळात बऱ्याच घरांत एटीएम कार्ड आणि पिन नवऱ्याकडे जातो. सोयीचं असतं, मी दोष देत नाही. कामावर परत येताना कार्ड परत घ्या आणि पिन बदला. घरात भांडण होईल असं वाटत असेल, तर बँकेच्या मॅडमने सांगितलं म्हणा. पिन कुणालाही सांगायचा नसतो हा आमचा नियमच आहे, त्यामुळे ते खोटंही नाही.

बाळाच्या कागदांचं म्हणाल, तर जन्मदाखला आधी. त्यावर आधार निघतं, पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मग बाळाच्या नावे बचत खातं, आणि त्यात पालक म्हणून आईचं नाव चालतं. "वडिलांनाच यावं लागेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बारशाची पाकिटं त्या खात्यात टाका, नाहीतर महिनाभरात ती किराण्यात जातात. मुलगी असेल, तर ती दहा वर्षांची होईपर्यंत सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, उघडताना विचारून घ्या. पण तुमची विम्याची आणि पहिल्या महिन्याची सोय झाल्यावरच तिकडे वळा. सुकन्यातले पैसे मुलगी मोठी होईपर्यंत सहज निघत नाहीत, आणि पाळणाघरवाल्या बाई तोवर थांबणार नाहीत.

नामनिर्देशनही तपासा. लग्नाआधी पीएफला वडिलांचं नाव लावलेलं असतं, ते लग्नानंतर नव्याने करावं लागतं. बाळाचं नाव लावणार असाल, तर ते सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने रक्कम कोण स्वीकारणार, तेही त्याच फॉर्ममध्ये लिहायचं असतं. कचेरीचा सामूहिक आरोग्य विमा असेल, तर बाळाचं नाव त्यात घालायला ठरावीकच दिवस असतात, तेव्हा रुजू होण्याची वाट न बघता रजेतच एक फोन करा.

नामनिर्देशनाचे आणि बाळाच्या खात्याचे फॉर्म त्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांनी पासबुक आणलं आहे त्यांचं आत्ताच छापून देते, कुठले हप्ते चुकलेत ते बघू. बाळ असलेल्या बहिणींनी आधी यावं.