घरखर्चाचा हिशेब आणि कर्जफेडीचा क्रम

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, आंतरमशागत हे माझे विषय. तेव्हा आज घरखर्च आणि कर्जफेड यावर बोलायला उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत बांधावर गेल्यावर असा अनुभव येतो की, शेतकरी पिकाविषयी दहा मिनिटे बोलतो आणि नंतर हळूच विषय पैशाकडे वळतो. उत्पादन वाढले, तरी हातात काही राहत नाही, असे तो सांगतो. यात खोटे काही नाही.

उत्पादन खर्च काढताना आम्ही बियाणे, खते, मजुरी, बैलजोडीचा खर्च, जमिनीचा खंड, भांडवलावरील व्याज, इतकेच काय, घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्यही धरतो. मात्र घरात बारा महिने लागणारे तेल, मीठ, शाळेची फी, औषधपाणी, पाहुणा-रावळा हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. ते पिकाच्याच पैशातून जाते आणि पीक अजून शेतात उभे असते तेव्हा जाते. म्हणजेच ते कर्जातून जाते. आश्चर्य म्हणजे ही गोष्ट सरकारी योजनेला ठाऊक आहे. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड योजना सुरू झाली. २०१२ च्या सुधारित सूचनांनुसार कार्डाची मर्यादा ठरवताना पिकाच्या कर्जदराने येणाऱ्या रकमेवर १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी आणि २० टक्के शेती साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी अधिक धरली जाते. म्हणजे एक लाखाच्या पीककर्जामागे घरासाठी साधारण दहा हजार रुपये धरलेले आहेत. आपण प्रत्यक्षात किती वापरतो, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नसते.

आता थोडे माझ्याविषयी सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. माझ्याकडे दुसरेच क्रेडिट कार्ड होते, शहरातल्या नोकरदाराकडे असते ते. नोकरी लागल्यावर एका बँकेचा माणूस महाविद्यालयात येऊन देऊन गेला. त्या वर्षी गावाकडे वडिलांच्या विहिरीवरची मोटार जळाली. नवीन पंप मी कार्डावर घेतला. नंतर बहिणीच्या लग्नातील कपडे, मग घरात फ्रीज. बाकी ८० हजारांवर गेली. दरमहा बिल येई, त्यावर 'किमान देय रक्कम' छापलेली असे. ती होती ५ टक्के, म्हणजे ४ हजार रुपये. मी ती वेळेवर भरत असे आणि आपण वेळेवर हप्ता भरतो आहोत, अशा समाधानात राहत असे.

एका रात्री पेपर तपासून झाल्यावर सहज कागद घेऊन बसलो. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ८० हजारांवर २,८०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४ रुपये. एकूण ३,३०४. भरले ४ हजार. म्हणजे मुद्दल कमी झाली फक्त ६९६ रुपये! आठ महिन्यांत मी सुमारे ३१ हजार रुपये भरले होते आणि बाकी अजून साडेचौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास होती. शेतकऱ्यांना खर्च-नफा गुणोत्तर समजावून सांगणारा मी, स्वतःच्या घरात हे करत होतो. बायकोला ठाऊक नव्हते, वडिलांना तर नव्हतेच. पंप माझ्या पगारातून आला, असे ते गावात सांगत.

मग सेवकांच्या पतसंस्थेतून १२ टक्के वार्षिक व्याजाने ७५ हजारांचे कर्ज काढून कार्डाची पूर्ण रक्कम एकदम भरली आणि कार्ड बंद केले. पतसंस्थेचा हप्ता महिन्याला ८ हजारांचा ठेवला. दहा हप्त्यांत कर्ज फिटले आणि एकूण व्याज गेले सुमारे चार हजार. हप्ता दुप्पट झाल्याने ते दहा महिने घरात ओढाताण झाली हे खरे. पण आधीच्या आठ महिन्यांत व्याज आणि करापोटी पंचवीस हजारांहून अधिक गेले होते, ही गोष्ट त्याहून खरी.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्यातील बहुतेकांकडे असे कार्ड नसेल. मुलगा पुण्याला नोकरीस असेल तर त्याच्याकडे जरूर असेल, त्याला विचारा. त्या कार्डावर पूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज लागत नाही. थोडी जरी रक्कम मागे राहिली, तर ती सवलत जाते. रोख रक्कम काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. परंतु 'किमान रक्कम भरा आणि निर्धास्त राहा' हा प्रकार आपल्या गावातही आहे. सावकाराला दर महिन्याला नुसते व्याज देत राहणे म्हणजे तेच.

येथे एक मोठी गफलत होते. एक जण मला म्हणाला, "सर, बँकेचं व्याज सात टक्के आहे आणि आमच्या गावातला माणूस तीन टक्क्यांनी देते. मग बँकेत चकरा कायले मारायच्या?" मी विचारले, तीन टक्के दरसाल की दरमहा? तो गप्प झाला. दरमहा शेकडा तीन म्हणजे दरसाल दरशेकडा ३६. एकाच 'टक्के' या शब्दात दोन वेगळी मापे बसलेली आहेत आणि त्यात शेतकरी फसतो. कोणतेही कर्ज घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा. कायद्याचेही सांगून ठेवतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली ठरवून दिलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर दरसाल ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. गावात राहून तक्रार करणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे, तरी दर माहीत असावा.

दुसरी गफलत कृषी सेवा केंद्राच्या उधारीची. उधारीवर व्याज नाही, असे आपण धरून चालतो. समजा, जूनमध्ये ३० हजारांचा माल उधार आणला आणि नोव्हेंबरमध्ये ३३ हजार दिले. पाच महिन्यांचे १० टक्के, म्हणजे वर्षाचे २४ टक्के झाले. शिवाय उधारी असल्यामुळे सोयाबीन त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला घालावे लागले आणि क्विंटलमागे दीडशे रुपये कमी मिळाले, तर वीस क्विंटलला आणखी ३ हजार गेले. एकूण सहा हजार, ३० हजारांवर, पाच महिन्यांत. वर्षाचा हिशेब ४८ टक्क्यांवर जातो. माझ्या त्या कार्डाच्या करापूर्वीच्या व्याजदरालाही हा दर मागे टाकतो! दुकानदार वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याचेही पैसे अडकतात, बुडतात. परंतु पीककर्जाची रक्कम हातात असताना ती दुसरीकडे वापरून खत उधार आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता फेडीच्या क्रमाकडे येऊ. गेल्या दिवाळीनंतर एक शेतकरी माझ्याकडे आले. पाच एकर जमीन, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक. बँकेचे पीककर्ज १ लाख २० हजार, हातउसने ४० हजार दरमहा शेकडा तीनने, सेवा केंद्राचे ३३ हजार, आणि पत्नीचे दागिने ठेवून घेतलेले ५० हजार वार्षिक १० टक्क्यांनी. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. बँकेची भीती मोठी, म्हणून सगळी रक्कम बँकेत भरून मोकळे व्हायचे, असा त्यांचा विचार होता.

आम्ही कागदावर चारही कर्जे दरसाल दराच्या उतरत्या क्रमाने मांडली. बँकेचे कर्ज सर्वांत शेवटी आले. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के असून मुदतीत फेड केल्यास ३ टक्के सवलत मिळते, म्हणजे ४ टक्के पडतात. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडणाऱ्याला तेही सोसावे लागत नाही. मात्र यातील 'मुदतीत' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्यांची मुदत मार्चअखेरची होती. बँकेचे कर्ज चार महिने आणखी ठेवले, तर ४ टक्क्यांनी १,६०० रुपये पडतात. हातउसने वर्षभर ठेवले तर १४,४०० रुपये. म्हणून नोव्हेंबरमध्ये हातउसने आणि सेवा केंद्र मिळून ७३ हजार फेडायचे, उरलेली रक्कम कार्डाच्या खात्यात भरून ठेवायची आणि फेब्रुवारीत तुरीच्या पैशातून बँकेची बाकी पुरी करायची, असे ठरले. कार्डाचे खाते फिरते असते. जितके दिवस रक्कम खात्यात राहील तितके दिवस त्यावरील व्याज वाचते. दागिन्यांचे व्याज तेवढे भरून त्यांची सोडवणूक पुढच्या वर्षावर टाकली. हे त्यांच्या पत्नीला आवडले नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. पण आकड्यांपुढे माझा इलाज नव्हता.

यात एक धोका आहे, तो लपवत नाही. तूर हातची गेली तर? मर रोगाने झाडे वाळली किंवा शेंगा पोखरणाऱ्या अळीने घात केला, तर मार्चची मुदत चुकेल, सवलत जाईल, कर्ज थकबाकीत जाईल आणि पुढच्या खरिपात नवे कर्ज मिळणार नाही. मग माणूस पुन्हा त्याच शेकडा तीनच्या दारात उभा राहतो. म्हणून डिसेंबरमध्ये तूर शेंगांवर असताना शेतात फिरून अंदाज घ्यावा. रंग बरा दिसत नसेल, तर कार्डाच्या खात्यात भरलेल्या पैशाला हात लावू नये आणि बाकीची सोय तेव्हापासूनच पाहावी.

कर्जमाफी होईल म्हणून बँकेचे भरू नये, असा सल्ला गावोगाव दिला जातो. २००८, २०१७ आणि २०१९ साली माफी झाली. ज्यांना मिळाली त्यांना आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती संस्थात्मक पीककर्जाची माफी होती. हातउसने, दुकानाची उधारी, दागिने यांपैकी काहीही त्यात माफ झाले नाही. स्वस्त कर्ज माफ होण्याची वाट पाहत महाग कर्ज वाढवत बसणे, असा त्याचा अर्थ होतो.

घरखर्चाबाबत मी चहा-तंबाखू बंद करा म्हणून सांगणार नाही. तेवढ्याने कर्ज फिटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही राग येतो. घर बुडते ते तीन-चार मोठ्या गोष्टींनी: लग्न, दवाखाना आणि ऐपतीबाहेरचे यंत्र किंवा मोटरसायकल. दवाखान्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती रुग्णालये येतात हे आजारी पडण्याआधी विचारून ठेवा. अपघात विम्याच्या सुरक्षा बीमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे, तो बँक खात्यातून कापला जातो का, ते पाहा. लग्नाबद्दल मी काय बोलणार? माझ्याच कार्डावर लग्नाचे कपडे होते.

आमची आजी धान्याची कणगी भरल्याशिवाय एक पोते बाजारात जाऊ देत नसे. वर्षाचे खायचे आधी बाजूला, मग विक्री. आता धान्य विकत आणतो, पण पैशाची कणगी कोणी भरत नाही. महिन्याला घराला ७ हजार लागत असतील, तर नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांचे ४९ हजार विक्रीच्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. शक्यतो घरातील बाईच्या नावाने. जूनची शाळेची वह्या-पुस्तके आणि बियाणे यांचा खर्च एकाच पंधरवड्यात येतो, त्याची तरतूद स्वतंत्र करावी. हिशेबाचे वर्ष जून ते मे धरावे. बँकेचे एप्रिल-मार्च आपल्या कामाचे नाही.

आणि हे सर्व घरात सर्वांसमोर व्हावे. कर्त्या माणसाने किती ठिकाणी किती देणे केले, हे त्याच्या पश्चात दारात माणसे आल्यावर बाईला कळते. आपल्या वऱ्हाडात हे सांगायला मला आकडेवारीची गरज नाही. माझी ८० हजारांची गोष्ट मी बायकोला सांगितली तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच वही आणली. पतसंस्थेची कल्पना तिचीच होती.

मेळाव्यातील आमच्या दालनात नोंदवहीचा नमुना ठेवला आहे. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर घर आणि शेत असे दोन वेगळे रकाने, आणि पहिल्या पानावर देण्यांची यादी: कोणाचे, किती, दरसाल दर किती, मुदत कोणती. लिहिण्याचे काम सातवी-आठवीतील मुलामुलींकडे दिले तरी चालते. पहिले पान मात्र आज घरी गेल्यावर नवरा-बायकोने मिळून भरावे. काही अडले तर वही घेऊन विभागात यावे. शनिवारी मी दुपारपर्यंत असतो.