चिक चॉकलेट आणि श्रेयाचा हिशेब

आपल्या पाटण खोऱ्यात वरातीपुढचा बँड ट्रम्पेटवर ‘अलबेला’तली चाल धरतो. ती कुणाची असं विचारलं, तर जाणकार संगीतकार सी. रामचंद्रांचं नाव घेतील. ते खरं आहे, पण माझ्या मते अपुरं आहे. १९५१च्या त्या चित्रपटात नायक भगवानदादा नाचतात तेव्हा पडद्यावर एक बँडही दिसतो. त्याचे प्रमुख चिक चॉकलेट हे रामचंद्रांचे सहायक होते आणि त्या गाण्यांच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांचं मूळ नाव अंतोनियो झेव्हियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळा मुलांना गायन, व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. विद्या मिळे, पण पोट भरायला मुंबई, कलकत्ता, रंगून गाठावं लागे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५मध्ये लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आले. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही आले. गोव्याच्या वादकांना जॅझचे गुरू भेटले ते असे, समोरासमोर. चिक यांनी स्वतःचा बँड उभा केला आणि अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ हे नाव मिळवलं. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री ओसरू लागल्या आणि सिनेमाचं ध्वनिमुद्रण हा अशा वादकांचा मोठा आधार झाला.

कुणी म्हणेल, चाल संगीतकाराची, अरेंजरनं, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्यानं, फक्त साज चढवला. हा आक्षेप मला मान्य नाही. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. सुरुवातीला काय वाजावं, दोन कडव्यांमधली जागा कशी भरावी, सुरांखाली कोणते कॉर्ड यावेत, ट्रम्पेट नेमका कुठे उसळावा, हे कागदावर उतरे ते अरेंजरच्या हातून. आपल्या रागसंगीतात एकाच वेळी अनेक स्वर रचण्याची रीत नाही. ती विद्या या मंडळींनी आणली. गाणं आठवताना शब्दांआधी सुरुवातीचे वाद्यांचे सूर मनात येतात, मग त्यांना सजावट कसं म्हणावं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सगळी अमेरिकेची नक्कल होती. नक्कल होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. शिकण्याची ती पहिली पायरी होती. पण १९५१च्याच ‘नादान’ या चित्रपटाला चिक यांनी स्वतः संगीत दिलं. त्यात तलत महमूद यांनी गायलेलं गाणं ऐका. त्या हळव्या चालीत आर्मस्ट्राँग शोधूनही सापडत नाही.

चिक १९६७मध्ये वारले. त्यांच्याच परंपरेतले अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव गाण्यात गुंफलं आणि देशभर पोचवलं, पण गुणगुणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की हा माणूस खरोखर होता? जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं सांगतात. चौथं नाव अरेंजरचं सांगावं, त्याच वाक्यात.