शीआनचा रानहंसस्तूप



ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू पाठ्यपुस्तकात हर्षवर्धनाच्या प्रकरणात येतो आणि तेथेच अंतर्धान पावतो. तो महाराष्ट्रातही येऊन गेला. येथील लोकांचा मानी स्वभाव व पुलकेशीचे सामर्थ्य यांची त्याने नोंद केली. परंतु स्वदेशी परतल्यावर त्याने काय केले, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते.

इ. स. ६४५ मध्ये तो चांग-आन, म्हणजे आजचे शीआन, या राजधानीत पोहोचला. त्याच्यासोबत ६५७ बौद्ध ग्रंथ होते. आयुष्याची ही कमाई एका ठिणगीने भस्मसात होण्याजोगी! म्हणून ग्रंथरक्षणार्थ दगडी स्तूप बांधावा, अशी त्याने विनंती केली. दगडाचे काम फार अवघड म्हणून सम्राट काओत्सुंगाने विटा वापरण्यास सुचविले. सम्राटाने युवराज असताना मातेच्या स्मरणार्थ बांधलेल्या विहारात ६५२ मध्ये काम सुरू झाले. पन्नाशीच्या आसपासचा हा पंडित स्वतः टोपलीतून विटा वाहत असे, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे.

पाच मजल्यांची ती वास्तू टिकली नाही. बाहेरून विटा, आत माती. काही दशकांतच ती ढासळली. सम्राज्ञी वू हिच्या कारकीर्दीत, ७०४ च्या सुमारास, तिची पुनर्रचना झाली. १५५६ च्या प्रलयंकारी भूकंपाचा तडाखा सोसून उभा असलेला आजचा मनोरा सात मजली व सुमारे ६४ मीटर उंच आहे. तळ चौरस, प्रत्येक मजला खालच्याहून आखूड, चारही अंगांस कमानदार द्वारे. भिंतींवर विटांतच लाकडी खांबतुळयांचे आकार उठविले आहेत. कार्ल्याच्या शिल्पींनीही दगडात लाकूडकामाचे अनुकरण केले, ते येथे सहज आठवते. मात्र कार्ल्याच्या स्तूपाचा घुमट येथे दिसत नाही. चिनी बहुमजली मनोऱ्यांची परंपरा आणि भारतीय स्तूपावरील छत्रावली यांच्या संगमातून पॅगोडा घडला, असे अभ्यासक मानतात. दोन्ही आकृत्या फळ्यावर शेजारी काढल्यास हे मुलांच्या चटकन ध्यानी येईल.

पश्चिम द्वाराच्या शिळेवर तत्कालीन लाकडी मंदिराचे रेखाटन कोरलेले आहे. तशी मंदिरे आज अत्यल्प उरली असल्याने वास्तुशास्त्रज्ञांस ते अमोल वाटते.

ज्या हस्तलिखितांसाठी हा खटाटोप झाला, ती नाहीशी झाली. परंतु ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ह्युएनत्संगाने ७५ ग्रंथांची भाषांतरे पुरी केली होती. त्यांतील कित्येकांचे मूळ संस्कृत भारतात लुप्त झाले असून ते आता त्याच्या चिनी शब्दांतूनच वाचावे लागतात.