डोकं मागा, शेपूट मागा

दर 18 ऑगस्टला माझ्या फोनवर एक फॉरवर्ड येऊन पडतो. 1868 च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने आमच्या विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं त्यात असतं. सोबत किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’चा फोटो. ग्रहण झालं होतं, कट्टेही आहेत. पण लॉकियर तेव्हा होते इंग्लंडात. ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच, ग्रहणावाचून पाहिली. तीही 20 ऑक्टोबरला! हे सांगायला गेलो की पोरं म्हणतात, “काकानू, फोटो आसा मा!”

फोटो आसा. पण तो दाखवतो काय?

म्हणून हल्ली भेटेल त्याला पायल कपाडियांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ पाहायला सांगतो. त्यांच्याच ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’मधली छाया कदमांची पार्वती सगळ्यांना ठाऊक, त्याआधीचा हा 2021 चा चित्रपट कुणी पाहिलेला नसतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला 2015 चा 139 दिवसांचा संप त्यात आहे. कान महोत्सवात त्याला माहितीपटाचं पारितोषिक मिळालं.

पाहताना मला रापण आठवली. दोरी ओढून जाळं वाळूवर आलं की तारले, बांगडे, कुर्ल्या, चिप्सची पाकिटं, सगळं एकत्र पडतं. निवडायचं आपण. इथेही हॉस्टेलच्या कपाटातली पत्रं, मोर्चे, कुणाच्या घरची जुनी फिल्म, सीसीटीव्हीचे तुकडे पुढ्यात ओतलेत. फॉरवर्ड म्हणजे ताटात आलेली तळलेली तुकडी. वाढणारा म्हणाला सुरमई, की सुरमई! डोकं पाहिलंय कुणी? शेपूट? वर मसाला एवढा, की चवीवरूनही कळू नये.

गंमत म्हणजे पत्रं लिहिणारी ‘एल’, जातीपायी तुटलेलं तिचं प्रेम, हे रचलेलं आहे. पोलिसांची लाठी मात्र खरी. मग हाही एक फॉरवर्डच, असं म्हणाल. नाही हो. एल नावाची मुलगी नव्हती, पण तशी पत्रं लिहू शकणाऱ्या कितीतरी... असो, काचेपलीकडून बोट वर झालंय.

मघाचंच पुन्हा सांगतो, कुणी रेडिओ आत्ता लावला असेल. तुकडी ताटात आली की डोकं मागा. फोटो कुणी काढला, कधी, कुठून, हे विचारा. पाठवणारा सख्खा मेहुणा असला तरी विचारा.

आणि येत्या 18 ऑगस्टला तो लॉकियर मला पाठवू नका.