हत्यार आणि हात

(सुवर्णमहोत्सवी वर्षात खंडेनवमीच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



आज खंडेनवमी. घरोघरी शस्त्रांची, अवजारांची आणि उपकरणांची पूजा करण्याचा हा दिवस. आपण ज्या जमशेदपुरात राहतो, तेथे हीच पूजा काही आठवडे अगोदर, बहुधा १७ सप्टेंबरला, विश्वकर्म्याच्या नावाने झालेली असते. आपल्या मुलांना त्यामुळे वर्षातून दोनदा हत्यारांना हळदकुंकू वाहण्याचे भाग्य लाभते. परंतु उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ती हत्यारे माळ्यावर गंजत पडतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे. आजचे माझे बोलणे या तीनशे त्रेसष्ट दिवसांविषयी आहे.

या विषयाला एक निमित्त घडले. मंडळाच्या गणपतीचे घडीचे सागवानी मखर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मंडळाच्या दुसऱ्या वर्षी चार सभासदांनी रात्री जागून ते तयार केले. त्यांपैकी एक माझे वडील. यंदा उत्सवाच्या आदल्या दिवशी त्याचा डावा खांब निखळला. कार्यकारिणीच्या सभेत सूचना आली, की जुने मोडीत काढावे आणि सुटसुटीत तयार मखर विकत आणावे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मी एवढेच म्हटले, की निर्णयापूर्वी एकदा ते उघडून पाहू द्या.

उघडल्यावर जे दिसले ते सांगतो. मूळ कामात एकही खिळा नव्हता. एका लाकडाला कुसू काढून ते दुसऱ्याच्या भोकात बसवलेले, आणि प्रत्येक जोडावर पेन्सिलीने १, २, ३ असे देवनागरी आकडे घातलेले. पुढच्या वर्षी जोडणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. मधल्या काळात कोणी तरी सैल झालेल्या सांध्यात दोन मोठे खिळे ठोकले होते. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कुसवाला त्यासाठी थोडी मोकळीक लागते. खिळ्याने ती मोकळीक हिरावली आणि कुसू उभे चिरले. मखर म्हातारे झाले म्हणून मोडले नाही; हातात हातोडी होती आणि तिचे काम ठाऊक नव्हते, म्हणून मोडले.

हत्यार कशासाठी घडवलेले आहे हे जाणून घेणे, हा पहिला धडा. तो मी स्वतः लहानपणी फजिती होऊन शिकलो. माझे वडील १९५८ साली साताऱ्याहून येथे आले आणि कारखान्याच्या पॅटर्न विभागात लागले. ओतीव कामासाठी जो साचा करतात, त्याचा लाकडी नमुना घडवणे हे त्यांचे काम. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. पोलाद सुमारे दोन टक्के, तर बीड साधारण एक टक्का. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी मुळातच ‘वाढीव’ इंचांची खास पट्टी वापरतात. सातवीत असताना शाळेसाठी पुस्तकांची मांडणी करताना मी अर्धी मापे वडिलांच्या त्या पट्टीने घेतली आणि अर्धी माझ्या फूटपट्टीने. प्रत्येक फुटामागे पाव इंचाचा फरक पडला आणि मांडणी काही केल्या जुळेना. मी लाकडाला दोष देत होतो. वडील हसून म्हणाले, “पट्टी खोटी नाही रे बाळ. ती तुझ्यासाठी नाही.” नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मला त्या दिवशी पुरती समजली.

आता निवडीविषयी. छंद म्हणून सुतारकाम करू इच्छिणारे पुष्कळदा पन्नास हत्यारांची चकचकीत पेटी विकत आणतात. त्यांतली पाचच वापरली जातात, आणि तीही हलक्या प्रतीची निघतात. त्यापेक्षा मोजकीच पण चांगली घ्यावीत. एक करवत, एक रंधा, सहा, बारा व पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या तीन पटाश्या, एक गुण्या, एक हातोडी, लाकडी ठोकळा, धारेचा दगड आणि लाकूड आवळून धरण्यासाठी दोन शिकंजे. एवढ्या सामग्रीत मखर होते, देव्हारा होतो, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा तर सहजच होतो.

साकचीच्या बाजारात जाताना एक भाषिक सावधगिरी बाळगावी. आपली पटाशी इकडे रुखानी होते. आणि आरी मागितली, तर चांभाराच्या टोच्याऐवजी हातात करवत येते. नावे बदलली तरी पारख बदलत नाही. गुण्या घेताना दुकानातच परीक्षा करावी. फळीच्या सरळ कडेला तो लावून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढावी. दोन रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. करवत डोळ्यासमोर धरून पात्याची सरळ रेषा पाहावी. तिचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित झुकलेले असतात, म्हणूनच पाते लाकडात अडकत नाही. जपानी करवत ओढताना कापते, पाश्चात्त्य पद्धतीची ढकलताना. दातांचा कल पाहूनच हात चालवावा.

आपण पोलादाच्या गावात राहतो. १९१२ पासून येथे पोलाद तयार होत आहे. तेव्हा सगळे पोलाद सारखे नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. इमारतीच्या सळईत कर्बाचे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास असते. पटाशीच्या पात्यात ते पाऊण ते सव्वा टक्का लागते, तेव्हाच पाणी दिल्यावर ते कठीण होते. म्हणून सळई ठोकून केलेल्या पटाशीला धार येते, पण ती टिकत नाही.

आणि धार हाच सुतारकामाचा आत्मा आहे. माझ्या डाव्या तळहातावरचा हा व्रण पाहा. तो बोथट पटाशीने केलेला आहे. धारदार हत्यार थोड्या जोराने कापते आणि सांगितलेल्या ठिकाणी थांबते. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, ते घसरते, आणि घसरल्यावर कोठे जाईल याचा नेम नसतो. शिवाय त्या दिवशी मी लाकूड शिकंज्यात न धरता हातात धरले होते. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे असावेत, हा नियम माहीत असून मी मोडला होता. दोष माझा, पटाशीचा नव्हे.

धार लावणे कठीण नाही. त्याला निगुती मात्र हवी. पात्याचा उतार सुमारे पंचवीस अंशांचा असतो. टोकाशी तो तीस अंश धरून तेलाच्या दगडावर घासावा. उलट बाजूस बारीक कड वळलेली बोटाला जाणवली, की पाते पालथे घालून, दगडावर पूर्ण सपाट टेकवून ती कड काढून टाकावी. विजेच्या सहाणेवर पाते निळे पडेपर्यंत तापवू नये. निळे पडले की तेथले पाणी उतरले असे समजावे. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, त्यामुळे धार लवकर जाते. कामाच्या मध्ये दोनदा उठून दगडाशी जाण्याचा कंटाळा करू नये.

शिकणाऱ्याने साग किंवा सारंडाच्या जंगलातला साल यांवर हात आजमावू नये. साल फार कठीण आणि जड. आपण ज्याला शिवण म्हणतो, त्यालाच इकडे गम्हार म्हणतात. ते मऊ, सरळ रेषांचे आणि रंध्याखाली आज्ञाधारक लाकूड आहे. रंधा रेषांच्या दिशेने चालवावा. ढलपी अखंड निघाली तर दिशा बरोबर, लाकूड उपसून आले तर फळी फिरवावी. विजेवर चालणाऱ्या यंत्रांशी माझे भांडण नाही. पण फिरत्या यंत्राजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत, डोळ्यांवर चष्मा हवा. आणि काम संपल्यावर प्रत्येक पात्यावर तेलाचा बोळा फिरवावा; हीच खरी पूजा.

कोणी विचारील, की आजच्या मुलांना हे कशाला? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण द्यावे, हा विचार मांडला. त्याचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय आहे. माझे म्हणणे साधे आहे. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना भाषा टिकवण्याची चिंता असते आणि ती रास्तही आहे. परंतु पटाशी, रंधा, गुण्या, कुसू, ढलपी हे शब्द पुस्तकात वाचून टिकत नाहीत. ते हाताला लागले तरच जिभेवर राहतात. माझ्या नातवाने कुसू हा शब्द गेल्याच महिन्यात, ते मोडलेले पाहून, प्रथम उच्चारला.

तेव्हा सभेपुढे माझी एक विनंती आहे. मखराचा निर्णय वार्षिक सभेपर्यंत लांबणीवर टाकावा. वडिलांची पेटी मी मंडळाला देत आहे. ती आज पूजेत मांडलेलीच आहे. दर शनिवारी दोन तास मी येथे बसेन. बारा वर्षांवरील मुलगे आणि मुली, दोघांनीही यावे. प्रथम दगडावर धार लावण्यापासून आरंभ करू. खिळे काढायचे आहेत, चिरलेले कुसू कापून नवे घालायचे आहे. ते साधले नाही, तर तयार मखर आणण्याच्या ठरावाला मी स्वतः अनुमोदन देईन.

आणि साधले, तर नव्या जोडावरचा आकडा ज्या मुलाने किंवा मुलीने तो जोड बसवला, त्याच्याच हस्ताक्षरात घालावा. पेन्सिलीने, आणि देवनागरीत.