नफ्याच्या पाटीत नसलेले तास

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज मी मधे मधे हळू बोलणार आहे. विषय घरचा आहे.

म्हणजे तसा विषय टीव्हीचा आहे. जुन्या, महागड्या गाड्या विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, असे जे प्रोग्राम असतात ना, ते. मी शाळेत असताना केबलवर हे लागायचे आणि मी जेवणाचं ताट घेऊन तिथेच बसायचो. इंजिनिअरिंगला गेलो त्यात या प्रोग्रामचा वाटा आहे. मेकॅनिकलला जायचं होतं, कॉम्प्युटरला गेलो, ते सोडा.

माझा सगळ्यात आवडता 'व्हीलर डीलर्स'. ब्रिटनचा शो, २००३ ला सुरू झाला. दोन माणसं. माइक ब्रूअर गाडी शोधणार, घासाघीस करणार, हात मिळवून सौदा पक्का करणार. आणि एड चायना, साडेसहा फुटांचा माणूस, हातात नारिंगी ग्लोव्ह्ज घालून ती गाडी खोलणार. हा एड म्हणजे अवली. याने सोफ्याला इंजिन लावून तो ताशी ८७ मैलांनी पळवला होता आणि गिनीजमध्ये नाव लावलं होतं! पहिल्या सीझनला बजेट एक हजार पौंडांचं, पहिली गाडी पोर्शे ९२४. नंतर बजेट वाढत गेलं, गाड्याही भारी होत गेल्या.

शेवट ठरलेला. गाडी विकली जाते आणि मग हिशेब येतो. एवढ्याला घेतली, एवढे पार्ट्सचे, एवढ्याला विकली, हा नफा. तो आकडा बघून आपण खूश.

आता गंमत बघा. त्या हिशेबात एडची मजुरी नसते. शून्य. समजा गाडी २,००० पौंडांना घेतली, १,००० चे पार्ट्स लागले आणि ३,८०० ला विकली. नफा ८०० पौंड. पण एड त्या गाडीखाली ४० तास झोपला असेल आणि गॅरेजचा दर तासाला ५० पौंड धरला, तर २,००० पौंड मजुरीचेच झाले. म्हणजे १,२०० चा तोटा. हे काही मी लावलेला शोध नाही, त्या शोचे फॅन्स वर्षानुवर्षं यावर बोलतायत. पण लहानपणी हे कधी डोक्यात आलंच नाही. एड आहेच की, तो करतोय, असं वाटायचं.

आणि पुढे काय झालं माहितीये? मार्च २०१७ मध्ये एडने यूट्यूबवर व्हिडिओ टाकून सांगितलं की तो शो सोडतोय. प्रोडक्शन नव्या लोकांकडे गेलं होतं आणि त्यांना वर्कशॉपचा भाग कमी करायचा होता, कारण तो शूट करायला फार वेळखाऊ आणि अवघड. एडला ते पटलं नाही. अहो, तो वर्कशॉपचा भाग म्हणजेच तर शो होता! गिअरबॉक्स खोलला की आत काय आहे, बेअरिंग का गेलं, हे बघायला आम्ही बसायचो. एडनंतर अँट अ‍ॅन्स्टेड आला, नंतर मार्क प्रिस्टली आला, जो फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेनचा मेकॅनिक होता. दोघंही चांगले. शो चालूच राहिला. पण ज्याचे तास हिशेबात नव्हते, त्याच्याच तासांवर कात्री लागणार होती, हे मला आजही खटकतं.

अमेरिकेतले शो वेगळे. 'फास्ट अँड लाउड' मध्ये डॅलसचा रिचर्ड रॉलिंग्ज. नुसता आरडाओरडा, नोटांची बंडलं, आणि कायम डेडलाइन. आमच्या ऑफिसचा रिलीज वीक आठवतो मला. त्याच्या उलट वेन कॅरिनी. 'चेसिंग क्लासिक कार्स' हा त्याचा शो २००८ पासूनचा. शांत माणूस, कनेटिकटचा, वडीलही गाड्या दुरुस्त करणारे. हा दुर्मीळ गाड्यांच्या मागावर असतो. कुणाच्या तरी गॅरेजचं शटर वर जातं, आत ताडपत्री, ताडपत्रीखाली वीस-तीस वर्षं उभी गाडी. आणि वेन लगेच पॉलिश काढत नाही! कारण त्या वरच्या बाजारात कधीकधी हात न लावलेल्या गाडीला चकचकीत गाडीपेक्षा जास्त भाव असतो.

याचं जबरदस्त उदाहरण फ्रान्सचं आहे. बायों नावाच्या कुटुंबाच्या शेतावर शेडमध्ये दशकानुदशकं पडलेल्या गाड्या २०१४ मध्ये समोर आल्या. त्यात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, जी आधी अ‍ॅलाँ दलाँ या नटाकडे होती. तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवलेले! फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला, धुळीसकट. फेरारी गेली १ कोटी ६० लाख युरोंच्या वर. त्या धुळीची किंमत किती धरायची, सांगा.

बॅरेट-जॅक्सनचे लिलाव टीव्हीवर लाइव्ह दाखवतात, अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलहून, दर जानेवारीत. तिथे बऱ्याच गाड्यांना किमान किंमत नसते, जो शेवटचा आकडा येईल त्याला गाडी द्यावीच लागते. मालक बाजूला उभा असतो, त्याचा चेहरा बघायचा. पडद्यावर आकडा धावतो, हातोडा पडतो, सगळे ओरडतात. पण खरेदीदाराला त्यावर साधारण १० टक्के लिलावगृहाचे द्यावे लागतात आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन जातं. हे ओरडून कोणी सांगत नाही. आणि सगळ्यात मोठा सौदा? तो टीव्हीवर झालाच नाही. मे २०२२, श्टुटगार्टचं मर्सिडीज म्युझियम, मोजकी निमंत्रित माणसं, १९५५ ची ३०० एसएलआर कूपे, अशा दोनच बनल्या होत्या. १३ कोटी ५० लाख युरो! आपण बघतो तो बाजाराचा दर्शनी भाग.

एक प्रश्न मला नेहमी पडायचा. ब्रिटनमध्ये हा धंदा चालतो कसा? थोडं वाचल्यावर कळलं. एक तर पार्ट्स. एमजीबी गाडीची अख्खी बॉडी, नवीकोरी, तिथे आजही विकत मिळते. गंज लागला? अख्खा सांगाडा बदला. दुसरं, ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रोड टॅक्स नाही, आणि २०१८ पासून बहुतेक अशा गाड्यांना दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही. तिसरं म्हणजे खासगी गाडी विकून झालेल्या नफ्यावर तिथे कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. म्हणजे घासाघीस करणारा माइक हुशार आहेच, पण त्याच्या पायाखाली अख्खी व्यवस्था उभी आहे. तरी कोसळायचं ते कोसळतंच. १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, त्यानंतर भाव वेड्यासारखे चढले आणि नव्वदच्या सुरुवातीला धाडकन खाली आले.

तर हे सगळं डोक्यात भरलेला मी, आणि आमच्या गावच्या घरामागे, सांगलीजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये उभी एक प्रीमियर प्रेसिडेंट. १९७३ ची. घरात तिला सगळे फियाटच म्हणतात. आईच्या मामांची गाडी. ते डॉक्टर होते, व्हिजिटला जायचे तीतून. १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगवर गिअर. मामा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला.

भंगारवाल्याने १४,००० सांगितले होते. मी म्हटलं, बाबा, थांबा, आपण करू. 'आपण' म्हणालो बरं का! मी पुण्यात, महिन्यातून एकदा जाणार. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आपण म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलंच असेल.

पत्र्याचं काम आणि कलर ८५,०००. खालचा पत्रा इतका सडला होता की पुट्टी लावून काही उपयोग नव्हता, कापून नवीन वेल्ड केला. इथे कुणी अख्खी बॉडी विकत नाही. इंजिनाचं काम ४२,०००. कुशनवाला १८,०००. टायर-बॅटरी २२,५००. वायरिंग, काचा, क्रोम १९,५००, त्यातली एक बंपरची पट्टी बाबांनी जुन्या बाजारात चार चकरा मारून शोधली. पासिंग, ग्रीन टॅक्स, कागदपत्रं मिळून १५,०००. एकूण २,०२,०००. मी सगळं शीटमध्ये लिहीत होतो, फॉर्म्युले, रंग, ग्राफ, सगळं. इंजिनिअर आहे ना.

मग एक गिऱ्हाईक आलं. कोल्हापूरचा माणूस, हौशी. २,४०,००० म्हणाला. मी तिथेच मोबाइलवर शीट उघडली आणि बाबांना दाखवली. नफा ३८,०००, हिरव्या रंगात.

बाबांनी चष्मा लावला, स्क्रोल केलं. वर गेले, खाली आले. मग म्हणाले, "वेल्डिंगवाल्याची मजुरी लिहिलीस. कुशनवाल्याची लिहिलीस. हेल्पर पोराचे तीन दिवसाचे पैसे पण लिहिलेस. चांगलं केलंस." आणि मोबाइल परत दिला. चहा घ्यायला आत गेले.

बास. एवढंच. भांडण नाही, काही नाही. मला ते कळायला पुण्याला परत येईपर्यंतचा वेळ लागला. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी गाडीत बसल्या बसल्या मी बाबांचे रविवार मोजले. आईला फोन केला, तिने कॅलेंडर बघून सांगितलं, तिथे दुधाच्या खुणांशेजारी बाबा 'फियाट' लिहायचे. ३१ रविवार. दिवसाला सहा तास धरले तरी १८६ तास. ३८,००० भागिले १८६. तासाला २०४ रुपये. आणि भंगारवाल्याचे १४,००० वजा केले, जे खरं तर करायला हवेत, तर तासाला १२९.

मी ऑफिसमध्ये दर सोमवारी टाइमशीट भरतो. अर्धा तास कमी पडला तर मॅनेजरचा मेसेज येतो. वीस वर्षं एड चायनाच्या नावाने हळहळणारा मी, माझ्याच शीटमध्ये त्याच्यासारखाच कॉलम गाळून बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, बाबांना पैसे हवे होते का? नाही हो. त्यांना मजाच येत होती. कार्बोरेटर पहिल्यांदा लागला तेव्हा त्यांनी मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये व्हिडिओ कॉल केला होता, आवाज ऐकवायला. मी म्यूटवर होतो, म्हटलं, बाबा, नंतर करतो. पण मजा येते म्हणून मोजायचं नाही, हे टीव्हीवाल्यांचंच लॉजिक झालं ना? 'कार एसओएस' नावाचा शो आहे, फझ टाउनशेंड आणि टिम शॉ यांचा. त्यात आजारपणाने वगैरे अडलेल्या मालकाची गाडी गुपचूप नेऊन दुरुस्त करून परत देतात. तिथे विकायचंच नसतं, म्हणून नफ्याची पाटीच नाही. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. आणि 'बँगर्स अँड कॅश' बघा, यॉर्कशरमधल्या मॅथ्यूसन कुटुंबाचं लिलावगृह. तिथे विकायला येणारी बऱ्याचदा म्हातारी माणसं असतात, नाहीतर गेलेल्या माणसाच्या घरचे. किल्ली देताना त्यांचा हात जरा जास्त वेळ किल्लीवर राहतो. कॅमेरा ते टिपतो, हे बरं आहे.

शीटमध्ये मी आता एक ओळ वाढवली. 'बाबा, १८६ तास'. दर काय लिहायचा ते कळेना, म्हणून वेल्डिंगवाल्याला देतो तोच लिहिला. आकडा लाल झाला. ती शीट बाबांना पाठवली. दोन निळ्या टिक आल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर, "१८६ नाही, दसऱ्याला काम केलं नव्हतं. १८०."

मी १८० केले.

गाडीचं काय? २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीला २०,००० फी आणि मग रोजच्या वापराला नाही काढायची. बाबांना ते मान्य नाही. त्यांना ती बाजाराला न्यायचीये. कोल्हापूरचे ते गृहस्थ २,६०,००० पर्यंत आलेत, येत्या रविवारी परत येणारेत. मीही जातोय. बाबांनी त्यांना फोनवर एकच सांगितलंय, गाडी बघायला सकाळी लवकर या, इंजिन थंड असताना. चोक किती ओढायचा ते मी स्वतः दाखवणार.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्याही घरामागे एखादी गाडी उभी असेल तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो तिच्या इंजिनाच्या आवाजासकट.