समुद्रकाठचा एक खून व त्यातून जन्मलेली कादंबरी

(महोत्सवानिमित्त क्रांती चौकातील सभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस साहित्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, आणि आम्ही विषय कळविला तो एका प्रेमाच्या व खुनाच्या कादंबरीचा. ही वार्ता फुटताच आपल्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मिस्सा आटोपल्यावर आम्हांस चर्चच्या पायरीवर गाठले व विचारले, "अहो, महोत्सव देवळाचा, आणि तुम्ही आख्यान लावणार खुनाचे?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांस दावीद राजाचे स्मरण दिले. परस्त्रीचा अभिलाष धरून राजाने तिच्या पतीला, उरिया नामक निष्ठावंत शिपायाला, रणांगणी मृत्यूच्या तोंडी दिले. राजाला त्याचा अपराध दाखविण्यास देवाने नाथान संदेष्ट्याला पाठविले, आणि नाथानाने काय केले? त्याने आरोपपत्र वाचले नाही. त्याने एका गरिबाची व त्याच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. गृहस्थ हसले व म्हणाले, "बरे, ऐकू या." त्यांची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडावयाची आहे.

समुद्र येथून दूर आहे. मुंबईच्या किनाऱ्यास जावयाचे तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची मजल मारावी लागते, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र प्रथम पाहिला तो नोकरीच्या शोधार्थ किंवा माउंट मेरीच्या जत्रेस गेल्यावर. तथापि न्यायालयाचा निवाडा व लोकांची आठवण यांचे नाते कसे असते हे बोलण्यास या चौकासारखी जागा क्वचित सापडेल. काळा चबुतरा येथलाच. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंटच्या ज्या शिपायांनी बंड केले, त्यांस येथे देहदंड झाला. लष्करी दफ्तरात ते बंडखोर ठरले. लोकांनी मात्र चौकास क्रांतीचे नाव दिले. दफ्तरातला निकाल एक, चौकाच्या पाटीवरचा निकाल दुसरा. आज ज्या प्रकरणाविषयी आम्ही बोलणार आहो, त्यातही असेच दोन निकाल लागले. कादंबरीकाराने तिसरा दिला, आणि आमचा विषय तो तिसरा निकाल होय.

दिनांक २७ एप्रिल १९५९. भारतीय नौदलाच्या ‘मैसूर’ या युद्धनौकेवरील दुय्यम अधिकारी कमांडर कावस माणेकशा नानावटी हे सफरीवरून नुकतेच घरी परतले होते. त्यांच्या पत्नी सिल्व्हिया या मूळच्या इंग्लंडच्या. १९४९ साली पोर्ट्समथ येथे उभयतांचा विवाह झाला होता व त्यांस तीन अपत्ये होती. त्या दुपारी पत्नीने पतीजवळ कबूल केले की, प्रेम आहुजा नामक मोटारींच्या एका व्यापाऱ्याशी आपला संबंध जडला आहे.

पुढील काही तासांत जे घडले ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे, आणि कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असे ते तपशील आहेत. कमांडरांनी पत्नीस, दोन मुलांस व शेजाऱ्यांच्या एका मुलास मोटारीतून सिनेमागृहापाशी सोडले, आणि खेळ सुटल्यावर सहा वाजता न्यावयास येतो असे वचन दिले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले, कारण घरचा कुत्रा आजारी होता व त्याचे औषध आणावयाचे होते. जहाजावर त्यांनी एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे मागितली. कारण काय सांगितले? रात्री एकट्याने मोटार हाकीत अहमदनगरास जावयाचे आहे. अहमदनगर, म्हणजे हल्लीचे अहिल्यानगर, येथून एस. टी.ने अडीच-तीन तासांवरचे आपले शेजारगाव! तिकडे जाण्याचा त्यांचा बेत मुळीच नव्हता. आपण स्वतःवरच गोळी झाडणार होतो, असे बचावाचे म्हणणे होते. ते हत्यार एका तपकिरी पाकिटात घालून ते प्रथम आहुजांच्या कचेरीत व तेथे ते न भेटल्याने नेपिअन सी रोडलगतच्या त्यांच्या घरी गेले. आहुजा नुकतेच स्नान करून टॉवेल गुंडाळून उभे होते. शयनगृहाचे दार लागले, तीन गोळ्या सुटल्या, आणि आहुजा गतप्राण झाले. कमांडरांनी पळून जाण्याचा यत्न केला नाही. ते स्वतः होऊन पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे हजर झाले.

झटापटीत गोळ्या सुटल्या, असे बचावपक्ष म्हणाला. झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल जागेवर राहिला नसता, असे सरकारपक्षाचे उत्तर होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडरांस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांस तो कौल मान्य होईना, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. १९६० साली तेथे जन्मठेप झाली, १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या कारकिर्दीत कमांडरांस माफी मिळाली. पुढे १९६८ मध्ये हे कुटुंब कॅनडास गेले, व तेथेच २००३ साली नानावटी निवर्तले. हा हिंदुस्थानातील अखेरचा ज्यूरीचा खटला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नव्हे. ज्यूरीची पद्धत काही ठिकाणी त्यानंतरही चालली, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही.

रस्त्यावरचा निकाल मात्र केव्हाच लागून चुकला होता. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने कमांडरांची बाजू उचलून धरली. पारशी समाजाच्या सभा एका बाजूस, सिंधी समाजाचा संताप दुसऱ्या बाजूस. फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ व मुलांच्या खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हरे’ विकू लागले. बंधुभगिनींनो, क्षणभर थांबून याचा अर्थ पाहा. मारल्या गेलेल्या माणसाच्या अंगावरचे वस्त्र विनोदाचा विषय होऊन बाजारात आले, आणि ते विकत घेणारे लोक दुष्ट नव्हते. ते आपल्यासारखेच संसारी लोक होते.

नाटके व बोलपट निघाले यात नवल नाही. मधुसूदन कालेलकर यांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक याच प्रकरणाच्या धाग्यावर विणलेले आहे. १९६३ साली सुनील दत्त व लीला नायडू यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला, १९७३ साली गुलजार यांचा ‘अचानक’, आणि अगदी अलीकडे, २०१६ साली, ‘रुस्तम’. या साऱ्यांविषयी आम्हांस विशेष बोलावयाचे नाही. बहुतेकांत पती मध्यभागी उभा आहे, त्याचा गणवेष कडक इस्त्रीचा आहे, आणि प्रेक्षकांनी कोणाची कड घ्यावयाची ते आधीच ठरले आहे.

कादंबरीकारांची गोष्ट निराळी, आणि ती का निराळी याचा उलगडा आम्हांस त्यांच्या जन्मसालांवरून झाला. सलमान रश्दी १९४७ साली मुंबईत जन्मले. खून झाला तेव्हा ते पुरते बारा वर्षांचेही नव्हते. १९८१ च्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ या कादंबरीत त्यांनी कमांडर साबरमती नावाचा एक नौदल अधिकारी उभा केला. त्या अधिकाऱ्यास पत्नीच्या वर्तनाची निनावी चिठ्ठी कोण धाडतो? कादंबरीचा नायक, एक शाळकरी पोर, वर्तमानपत्रातली अक्षरे कात्रीने कापून ती चिठ्ठी जुळवितो. खुनाचे ओझे येऊन पडते ते एका मुलाच्या माथी.

आणि इंद्र सिन्हा. ते १९५० साली कुलाब्यात जन्मले, म्हणजे त्या वर्षी आठ-नऊ वर्षांचे असतील. वडील भारतीय नौदलात अधिकारी, आई इंग्रज व लेखिका. नौदलातला हिंदी पती, इंग्रज पत्नी, घरात मुले, आणि समोर तोच समुद्र. नानावटींच्या घराचा जणू आरसा! अशा घरात त्या वर्षी काय काय कुजबुज झाली असेल, मूल खोलीत येताच कोणती वाक्ये अर्ध्यावर तुटली असतील, याचा तर्क करण्यास फार बुद्धी नको. २००२ साली त्यांची ‘द डेथ ऑफ मिस्टर लव्ह’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शीर्षकातील ‘लव्ह’ म्हणजे प्रेम आहुजांच्या नावाचेच इंग्रजी भाषांतर. तिचा नायक भालू व त्याची बालमैत्रीण फीबी यांचे बालपण मुंबईकडे गेलेले; दोघांच्या माता एकमेकींच्या मैत्रिणी. चाळीसएक वर्षांनी त्यांची इंग्लंडात पुन्हा गाठ पडते, आणि हळूहळू ध्यानी येते की, ज्या खुनाने सारा देश दणाणून गेला त्याच्या आड दुसरा एक गुन्हा दडला होता. त्याचा ना खटला झाला, ना वर्तमानपत्रात ओळ आली. त्या गुन्ह्याचा घाव मातांवर पडला व वारशाने मुलांकडे आला.

आमच्या मते या कादंबरीची प्रेरणा नेपिअन सी रोडवरच्या त्या शयनगृहात नाही. ती सिनेमागृहात बसलेल्या मुलांपाशी आहे. वडील माणसे निकाल देत होती, कोणी न्यायासनावरून, कोणी रस्त्यावरून. मुले ऐकत होती. न्यायालय साक्षीदारांस विचारते, वर्तमानपत्र शेजाऱ्यांस विचारते, परंतु दाराआड उभ्या असलेल्या मुलास तुला काय ऐकू आले असे कोणी पुसत नाही. ते मूल वाढते, त्याचे केस पांढरे होऊ लागतात, आणि मग एखादे दिवशी ते कादंबरी लिहावयास बसते.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. न सांगता पुढे गेलो तर हे भाषण अप्रामाणिक ठरेल. तरुणपणी आम्हांसही लेखनाचा सोस होता. आमच्या गल्लीतील एका कुटुंबावर असाच आघात झाला. खून नव्हे, पण घर मोडले. आम्ही त्यावर एक कथा लिहिली व ती एका मासिकात छापून आली. नावे बदलली, गाव बदलले, धंदा बदलला, आणि सुरक्षित झालो असे मानले. फक्त दारात उभी असलेली एक निळी सायकल तशीच ठेवली, कारण ती आम्हांस फार आवडली होती. त्या घरातील दहा-अकरा वर्षांच्या मुलीने कथा वाचली. सायकल तिची होती. ती आमच्याकडे येऊन एवढेच म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याकडे चहाला येत होता ना?" त्यानंतर आम्ही कथा लिहिली नाही. या त्यागाची कोणी स्तुती करू नये. आमची कथा सुमारच होती.

म्हणून सिन्हांची कादंबरी आम्ही प्रथम हाती घेतली ती काहीशा रागाने. मृताचे नाव शीर्षकावर, आणि ज्या वर्षी ती प्रसिद्ध झाली त्या वर्षी नानावटी हयात होते! वाचून झाल्यावर राग पुष्कळ निवळला, परंतु सगळा गेला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या बाजूने एवढे खरे की, त्यांनी घडलेला गुन्हा पुन्हा रंगविण्यात धन्यता मानली नाही. त्यांनी आपल्या पदरचा दुसरा गुन्हा कल्पिला, आपल्या पदरची माणसे निर्माण केली, व खटल्याच्या गोंगाटात जिच्या बाजूने सहसा कोणी बोलले नाही त्या स्त्रीसारख्या स्त्रियांकडे वाचकाचे तोंड वळविले.

याच संदर्भात एका कॅथलिक लेखकाचे नाव घ्यावेसे वाटते. ग्रॅहॅम ग्रीन यांनी १९२६ साली ख्रिस्तसभेत प्रवेश केला, आणि १९३८ साली त्यांची ‘ब्रायटन रॉक’ ही कादंबरी आली. समुद्रकाठचे मौजमजेचे गाव, घोड्यांच्या शर्यतींभोवती वावरणाऱ्या गुंडांच्या टोळ्या, आणि पिंकी नावाचा सतरा वर्षांचा खुनी. रोझ ही गरीब मुलगी त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ शकेल, म्हणून तो तिच्याशी विवाह करतो. ती बिचारी मात्र त्यालाच प्रेम समजते. दोघांचा जन्म आपल्याच धर्मातला. ग्रीन यांनी आरंभी साधी डिटेक्टिव्ह कथाच योजिली होती, परंतु लिहिता लिहिता खुनी कोण हा प्रश्न मागे पडला, आणि मागे उरलेल्या मुलीचे काय हा प्रश्न पुढे आला. अखेरीस ती प्रायश्चित्त संस्कारासाठी एका वृद्ध धर्मगुरूपुढे बसते, आणि ते तिला देवाच्या दयेविषयी काही सांगतात. ग्रीन यांची माणसे कल्पित असल्याने त्यांस कोणा जिवंत व्यक्तीची क्षमा मागावी लागली नाही. सिन्हांची वाट त्या मानाने बिकट.

आता त्या वयोवृद्ध गृहस्थांकडे वळू. गेल्या रविवारी ते पुन्हा भेटले. म्हणाले, "त्या दिवशी तुम्हांस सांगितले नाही, १९५९ साली मी मुंबईत होतो, गिरगावात मावशीकडे. नऊ वर्षांचा असेन. घरात ते साप्ताहिक आले की मावशी ते गादीखाली सारी. मी रोज गादीखालून काढून वाचत असे, आणि अर्धे काही कळत नसे." मग थोडा वेळ ते स्वस्थ राहिले. आम्ही त्यांस सिनेमागृहाचा तपशील सांगितला. तो त्यांच्या वाचनात आला नव्हता. त्यांनी विचारले, "मग सहा वाजता त्या मुलांना न्यायला कोण गेले?"

आम्ही सिन्हांची कादंबरी पिशवीतून काढून त्यांच्या हाती दिली. ती सध्या त्यांच्याकडेच आहे. परत आली की धर्मग्रामाच्या ग्रंथालयात ठेवू. ज्यांस इंग्रजी वाचता येते त्यांनी मागून न्यावी, परंतु पंधरा दिवसांहून अधिक ठेवून घेऊ नये, अशी विनंती आहे.